सर्व्हे नंबर शून्य

कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही. समोर जे आहे ते सरासरी करडंच असणार, असं धरून तो उजेडाचा हिशेब मांडतो आणि मिठाचं आख्खं आगर राखाडी करून आपल्या हातात ठेवतो. मग आपण एक्स्पोजर एक स्टॉप, कधी दीड स्टॉप वाढवायचं, म्हणजे मीठ मिठासारखं दिसतं. फिल्मच्या काळात हे हुकलं तर पंधरा दिवसांनी स्टुडिओतून प्रिंट आल्यावर समजायचं. आता पाठीवरच्या पडद्यावर लगेच दिसतं म्हणतात. पण कच्छच्या छोट्या रणात सकाळी अकराच्या उन्हात तो पडदाही दिसत नाही. डोक्यावरून काळं फडकं ओढून आत वाकून बघावं लागतं, आणि शंभर वर्षांपूर्वीचे फोटोग्राफर याच अवतारात उभे असत हे आठवून जरा बरं वाटतं.

आम्ही गेलो फाल्गुनाच्या वद्य पक्षात, होळी उलटल्यावर आणि पाडव्याच्या आधी. मुहूर्त चंद्राने काढून दिला होता. अमावास्येच्या आसपास रात्र काळी मिळते आणि पहाटे आकाशगंगेचा जाड पट्टा दक्षिणेकडून वर येतो. त्याआधीच्या महिन्यांत तो दिसत नाही, पुढे वैशाखात दिसतो पण दिवसा रणात उभं राहवत नाही. म्हणजे वर्षातून हे दोन-चार आठवडे. बोरिवलीला रात्री गाडी धरली की सकाळी विरमगाम, तिथून जीपने दसाडा. आमच्या भाईंदरला लांबच्या गाड्या थांबत नाहीत. त्या फलाटाला धक्का देत, धूळ उडवत पुढे जातात. शहरातली निम्मी बिऱ्हाडं गुजरात-राजस्थानची, आणि गावी जायचं तर सगळ्यांनी बोचकी घेऊन आधी लोकलने बोरिवली किंवा वसई गाठायची.

वसंत म्हटल्यावर आपल्याला पळस, आंब्याचा मोहोर, कोकिळा असलं काही सुचतं. छोट्या रणाच्या कडेला वसंताचा वास जिऱ्याचा असतो. सुरेंद्रनगर-पाटण भागात जिरं या सुमाराला कापून खळ्यात येतं. पहाटे तंबूची चेन उघडली की गार हवेबरोबर तो वास अंगावर यायचा, आणि मला दरवेळी भूक लागायची. झाडांचं म्हणाल तर केरड्याच्या काटेरी झुडपांना विटकरी लाल फुलं. याचीच फळं केर म्हणून भाईंदरच्या मारवाडी दुकानात सांगरीबरोबर वाळवलेली मिळतात. झाड मात्र मी आयुष्यात प्रथम तिथे पाहिलं. बाकी सगळीकडे वेडी बाभूळ. गुजरातीतही तिला वेडीच म्हणतात, गांडो बावळ.

तंबू आम्ही अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यावर टाकले होते. आत मुक्कामाला परवानगी नसते, आणि नसते तेच बरं. जमीन इतकी टणक की खुंट्या वाकल्या. शेवटी दोऱ्या दगडांना बांधल्या. शेतकरी स्वतः पलीकडच्या गव्हात माचाण घालून झोपायचा. रात्री मधूनच पत्र्याचा डबा बडवायचा, हाळी द्यायचा. कशासाठी, ते आम्हांला पहिल्याच रात्री कळलं. ज्या जनावराचे फोटो काढायला आम्ही रात्रभर रेल्वेने आलो होतो, ते जनावर याच्या शेतात गहू खायला येत होतं.

घुडखर म्हणजे रानगाढव. गाढव या शब्दाने आपल्या मनात जे चित्र येतं ते पुसून टाकावं लागतं. अंगाने घोड्याच्या जवळ, पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत गडद पट्टा, आयाळ ताठ कापल्यासारखी, वरून मातकट तांबूस आणि पोटाला पांढरं. पळायला लागलं की जीपला दमवतं. १९६० च्या सुमाराला सरा नावाच्या रोगाच्या साथीने हे जनावर जवळजवळ संपलं होतं. १९६९ च्या मोजणीत ३६२ उरली होती. नंतर अभयारण्य झालं, आणि २०२४ च्या मोजणीत आकडा ७,६७२ वर गेला. जगात हा उपप्रकार आता गुजरातच्या या भागाशिवाय टिकलेला नाही. इतकी चांगली बातमी आपल्याकडे वन्यजीवांच्या बाबतीत क्वचित मिळते. माचाणावरच्या माणसाला ती अर्थातच निराळी ऐकू येते. “सरकार मोजून जातं,” तो म्हणाला, “खायला माझ्याकडे पाठवतं.”

रणात उजाडतं ते एकदम. कुठे डोंगर नाही, झाड नाही, सूर्य सपाट रेषेवर टेकून उभा राहतो आणि आपली सावली मागे दूरवर जाऊन पडते. हे सगळं भर पावसाळ्यात पाण्याखाली असतं. बनास, रूपेण, सरस्वती या नद्या समुद्राला पोचण्याऐवजी इथे पसरतात, कच्छच्या आखातातलं खारं पाणी दुसऱ्या बाजूने शिरतं, आणि गोव्याहून मोठा हा प्रदेश गुडघाभर पाण्याचा होतो. मधले उंचवटे तेवढे वर राहतात, त्यांना बेटच म्हणतात. दिवाळीनंतर पाणी आटतं आणि तळ उघडा पडून तडकतो. त्या तड्यांचे पंचकोन-षट्कोन आम्ही पहिल्या सकाळी अधाशासारखे टिपले. जमिनीला कॅमेरा लावून, पोटावर झोपून. सगळ्यांनी तेच केलं असणार, कारण छोट्या रणाचे फोटो शोधले की पहिले पन्नास हेच निघतात.

घुडखरांसाठी वेळ साडेआठपर्यंत. त्यानंतर जमीन तापते, हवा थरथरायला लागते आणि कितीही महागडी लांब लेन्स असली तरी जनावराची कड धारदार येत नाही. माझा मित्र त्यामुळे चिडून कॅमेरा पिशवीत घालायचा. मला मात्र नऊनंतरचे फोटोच आवडायला लागले. दूरवर उभ्या घुडखरांचे पाय मृगजळात विरघळून जातात, धडं हवेत तरंगतात, कधी एकाच्या खाली दुसरं उलटं चिकटतं. तांत्रिकदृष्ट्या ते वाया गेलेले फोटो. पण तिथे डोळ्यांना दिसतं ते असंच, आणि धारदार फोटो ही खरं तर पहाटेची सवलत आहे.

रात्रीचं काय सांगावं? भाईंदरच्या गच्चीवरून व्याध दिसतो, मृगाचे तीन तारे दिसतात, गुरू असेल तर तो. बाकी आकाश नारिंगी. तिथे संध्याकाळी दक्षिणेला खाली अगस्त्य लख्ख होता, आणि पहाटे चारच्या सुमाराला वृश्चिक आख्खा, नांगीसकट, वर आलेला. ज्येष्ठेचा लाल ठिपका आणि त्याच्या डावीकडून वर चढत गेलेला तो धुरकट पट्टा. तिवई लावून वीस-वीस सेकंदांचे फोटो घेतले. बरे आले आहेत, पण लोकांना दाखवताना मी ते भरभर पुढे सरकवतो. तसले फोटो हल्ली फोनही काढतो.

मला लिहायचं होतं ते पुढच्या दुपारबद्दल.

रणाचे फोटो काढणाऱ्यांची एक ठरलेली हौस असते: रिकामेपणा. चौकटीचा खालचा तृतीयांश पांढरा, वर निळं, मध्ये एखादा ठिपका. मीही तशी एक चौकट जमवत होतो. डावीकडे मिठाचा ढीग, उजवीकडे काही नाही. अडचण एवढीच की काही तरी सारखं कडेला यायचं. आधी सोलरची पाटी आली, मग निळा प्लास्टिकचा पिंप, मग वाळत घातलेली साडी. मी दोन पावलं सरकलो तर सायकल आली. रण रिकामं दिसावं म्हणून मला किती वेळ कवायत करावी लागतेय हे आमचा जीपवाला विडी ओढत बघत होता. शेवटी त्यानेच सांगितलं, फोटो राहू द्या, ते लोक चहाला बोलावतायत.

गोणपाट आणि काठ्यांची खोपी, अर्धी जमिनीत खणलेली, म्हणजे वाऱ्याला लागत नाही. आत नवरा-बायको, एक शाळकरी मुलगा आणि म्हातारी सासू. हे अगरिया. कोजागिरीच्या सुमाराला, पाणी ओसरतंय न ओसरतंय तोच, हे गावातून रणात येतात आणि मे संपता संपता परत जातात. प्यायचं पाणी टँकरने. कोकणात, ठाण्यात, आपल्याकडे मिठागर म्हणजे उधाणाचं समुद्राचं पाणी आत घेऊन उन्हात आटवायचं. इथे समुद्र दूर. अगरिया विहिरी खणतात, आणि जमिनीच्या पोटातून समुद्राच्या पाण्याहून कितीतरी पट खारट पाणी उपसतात. ते वाफ्यांतून फिरवत फिरवत दाट करत न्यायचं आणि शेवटच्या मोठ्या वाफ्यात, त्याला ते पाटा म्हणतात, सोडायचं. पाटा आधी महिनाभर पायांनी तुडवून घट्ट केलेला असतो. मीठ बसायला लागलं की रोज लाकडी दाताळं ओढायचं, नाहीतर खडे एकमेकांना चिकटून फरशी बनते. असं महिनोन् महिने. त्यातून मोठ्या खड्याचं मीठ निघतं, वडागरं. मार्चमध्ये खडा तयार होत आलेला असतो आणि त्याच वेळी सगळ्यांच्या माना वर आभाळाकडे असतात. अवकाळी पावसाची एक सर आली तर हंगामाचं पाणी होतं, आणि इथे हे शब्दशः होतं.

बायको बोलकी होती. मला गुजराती समजतं. आमच्या मजल्यावर राहायचं तर समजावंच लागतं. ती म्हणाली, “भाई, सूर्यास्त तर रोज असतो. फोटो काढायचाच तर आमच्या सोलरचा काढा.” मी काढला. चार पाट्या, खाली पंप, शेजारी ती उभी, हात पंपावर. तिने फोटो मागून घेऊन नीट पाहिला आणि नवऱ्याला म्हणाली, बघ, तारसुद्धा दिसते. पूर्वी डिझेलचं इंजिन होतं. हंगामाच्या सुरुवातीला व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, त्यातलं बरंचसं डिझेलमध्ये जाळायचं, आणि शेवटी व्यापाऱ्याने ठरवलेल्या भावाने मीठ त्यालाच द्यायचं. किलोमागे रुपयाही हातात येत नाही. सोलर पंपाने उचल संपली नाही, डिझेलचा खर्च मात्र कमी झाला. ‘सेवा’सारख्या संस्थांनी आणि पुढे सरकारी अनुदानाने हे पंप रणात आणले. त्या पांढऱ्या पसाऱ्यात तिच्या लेखी बघण्यासारखी गोष्ट तीच होती, आणि मी मघापासून तीच चौकटीबाहेर ठेवायला धडपडत होतो.

अगरियांवरच्या प्रत्येक लेखात एक गोष्ट असते: आयुष्यभर मिठात उभं राहून त्यांचे पाय इतके कडक होतात की चितेवर जळत नाहीत, वेगळे पुरावे लागतात. मी तिथे ती विचारली नाही. खरी असेल. पण ज्याच्या हातचा चहा आपण पितोय त्याच्या पायांकडे बघत त्याच्या चितेची चौकशी करायची, हे मला जमलं नसतं. शिवाय ही गोष्ट सांगून झाली की लेख लिहिणारा आणि वाचणारा दोघेही हळहळून मोकळे होतात, भाव आणि उचल यांच्याबद्दल बोलायचं राहूनच जातं. फरीदा पाचा या दिग्दर्शिकेचा ‘माय नेम इज सॉल्ट’ हा २०१३ चा माहितीपट मला म्हणूनच मोठा वाटतो. एकाच कुटुंबाचा आख्खा हंगाम तिने दाखवला आहे, जमिनीतून इंजिन उकरून काढण्यापासून. निवेदन नाही, कळवळा नाही. सुंदर चौकटी आहेत, आणि त्यांतून माणूस वगळलेला नाही.

निघताना म्हाताऱ्या सासूने विचारलं, कुठचे? मी भाईंदर म्हटलं. तिथे मीठ होतं ना, ती म्हणाली. कुणीतरी नातलग कधीकाळी मुंबईकडच्या आगरांत कामाला होते. होतं, म्हटलं. आहे अजून थोडं.

भाईंदर सोडून लोकल नायगावकडे निघाली की वसईच्या खाडीवरचा पूल येतो. आमच्या लहानपणी स्टेशनच्या अलीकडे-पलीकडे रुळांच्या दोन्ही अंगांना मिठागरं होती. चौकोनी वाफे, त्यांत आकाश, बांधांवर ओळीने ढीग. मे अखेर ते ढीग शाकारून ठेवत. डहाणू-तलासरीकडून मजूर हंगामाला येत आणि पावसाआधी जात. त्यांच्याही झोपड्या होत्या, त्यांचीही मुलं बांधावर खेळत असत. डब्यात दारात उभं राहिलं की खारट वारा लागायचा आणि कुणी परगावचा पाहुणा असेल तर तो हटकून विचारायचा, हे पांढरं काय? तेवढ्यात स्टेशन यायचं, त्यामुळे उत्तर कुणी पूर्ण दिलेलं मला आठवत नाही. १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महापालिका, आणि २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती ८ लाखांच्या वर गेली. जागा ऐंशी चौरस किलोमीटरच्या आतली, त्यात डोंगर, खारफुटी आणि उत्तन-चौकचे कोळीवाडेही आले. आता बरीचशी मिठागरं पडीक आहेत. काहींत खारफुटी शिरली, काहींत राडारोडा. उरलेल्यांबद्दल बातमी येते ती घरांच्या योजनेची किंवा रस्त्याची असते, आणि तिच्यात ‘मोकळी जमीन’ असं लिहिलेलं असतं.

छोट्या रणाचंही कागदोपत्री असंच आहे. तिथली जमीन पिढ्यान् पिढ्या कुणी मोजलीच नव्हती. कुठल्या गावाच्या शिवेत ती येत नव्हती. त्यामुळे महसुली भाषेत तिचं नाव पडलं ‘सर्व्हे नंबर झिरो’. आपल्याकडच्या शेतकऱ्याने क्षणभर कल्पना करावी: बापजादे ज्या जमिनीत राबले तिला सातबारा नाही, गट नंबर नाही, आणि नंबर विचारला तर उत्तर शून्य. त्या शून्यावर १९७० च्या दशकात अभयारण्य आलं. म्हणजे कायद्याच्या नजरेने अगरिया हे घुडखरांच्या घरात घुसलेले झाले. हक्क ठरवायचं काम वर्षानुवर्षं चाललंय, आणि यादीत नाव नाही म्हणून हंगामाच्या तोंडावर कुटुंबांना अडवल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत येत राहिल्या. ३६२ पासून साडेसात हजारांपर्यंत घुडखर वाढले ते अगरिया रणात असतानाच वाढले, एवढं साधं गणित या वादात कुणी का मांडत नाही ते मला समजत नाही. सगळेच निष्पाप आहेत असं मी म्हणत नाही. ट्रकांची ये-जा आहे, मोठ्या कंपन्यांची आगरं आहेत, त्यांवर बंधनं हवीतच. पण वर्षाचे आठ महिने गोणपाटाखाली राहणारं कुटुंब आणि कंपनी यांना एकाच मापाने मोजायचं असेल तर ती मोजणी न झालेली बरी.

पक्ष्यांना या सगळ्याची फिकीर नाही. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये ठाणे खाडीच्या परिसरातल्या काही रोहित पक्ष्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावली, आणि ते गुजरातेत पोचल्याची नोंद झाली. त्यांच्या हिशेबी खाड्या, मिठागरं आणि रण हा एकच मुलूख असावा. मी परतल्यावर चैत्रात दोन-तीन सकाळी भाईंदर पूर्वेला खाडीच्या अंगाने गेलो. एका चालू आगरात पाण्यावर शेकाट्या होत्या, तांबड्या लांब पायांच्या, आणि तुतवार. बांधावर दोन बायका टोपल्या घेऊन निघाल्या होत्या. मागे तीस मजली टॉवर, वरून विजेच्या तारा, कडेला कचऱ्याचा ढीग. या वेळी मी पावलं सरकवली नाहीत. चित्रपटासारखा एकही फोटो मिळाला नाही. मित्राच्या मते त्यांत फारच गर्दी आहे. मला ते रणातल्या फोटोंहून सरस वाटतात, आणि या मतावर मी ठाम आहे.

कुणाला जायचं असेल तर होळी ते पाडवा हा काळ सोडू नका. अभयारण्य १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं. वनखात्याचा परवाना काढा, आणि वाटाड्याशिवाय गाडी आत घालू नका. चाकाच्या खुणा पुढच्या पावसापर्यंत जमिनीवर राहतात. लेन्स रणात बदलू नका, बारीक खार आत जातो. पाट्यात पाय ठेवू नका, तो महिनाभर तुडवून केलेला असतो. आणि माणसांचे फोटो काढलेत तर छापून पाठवा. फोनवर पाठवतो म्हणून पुष्कळ जण सांगून जातात, तिथे रेंज नसते आणि पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही. जूननंतर पाठवा, तोवर सगळे गावी आलेले असतात. पाकिटावर नाव, गाव, तालुका दसाडा, जिल्हा सुरेंद्रनगर एवढं लिहिलं की पुरतं. आमचं पोचलं.